‘शेड्यूल्ड’ म्हणजे काय?

फॉर्म भरताना ‘शेड्यूल्ड कास्ट’ या रकान्यापाशी आपल्यापैकी अनेकांचा हात अडखळतो. ‘शेड्यूल्ड’ म्हणजे खालचा, असा समज मनात बसलेला असतो. शब्दाचा अर्थ तसा मुळीच नाही. ‘शेड्यूल’चे मूळ लॅटिन असून तेथे त्याचा अर्थ कागदाची चिठ्ठी. (अमेरिकेत उच्चार ‘स्केजूल’ करतात, तोही बरोबरच.) परीक्षेचे वेळापत्रक हेही शेड्यूलच. कायद्यात मात्र शेड्यूल म्हणजे शेवटी जोडलेली यादी, मराठीत अनुसूची. आपली मराठी भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्यातील दुसऱ्या शेड्यूलमध्ये जिचे नाव, ती शेड्यूल्ड बँक. आणि बँका तर हा शब्द पाटीवर अभिमानाने रंगवून घेतात! १९३५ च्या भारत सरकार कायद्यात ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ हा शब्द आला तो याच अर्थाने, यादीत नोंदलेल्या जाती. त्या यादीत असण्या-नसण्याने काय फरक पडतो, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार बौद्ध झालेला माणूस केंद्राच्या यादीबाहेर राहत असे. ती दुरुस्ती व्हायला १९९० साल उजाडले.