छोटा स्पीकर घेताना

मंडळी, आपल्या नगर जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. इथल्या पाथर्डी, शेवगावकडची पुष्कळ कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला जातात. पाच-सहा महिने कोपीत काढतात. संध्याकाळी मोबाइलवर भजन लावावे, सिनेमा बघावा, तर आवाज चौघांना पुरत नाही. मग कोणी उचलीच्या पैशातून छोटा स्पीकर घेतो. हा कोयत्याचा पैसा आहे. तो वाया जाऊ नये, म्हणून आम्ही चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट आवाजाची. १९५६ साली पुणे आकाशवाणीने आपल्या जिल्ह्यासह पाच जिल्ह्यांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे चालवली होती. एका रेडिओभोवती वीसेक माणसे बसत. कार्यक्रम ऐकत, मग त्यावर बोलत. तेवढ्यांना मोठा कर्णा लागत नाही. शब्द स्वच्छ ऐकू आला की झाले. तेव्हा खोक्यावरच्या वॅटच्या आकड्याला भुलू नका. वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, थोडाच वाढतो. आणि फार चिमुकल्या स्पीकरमधून पखवाजाची थाप भरून येत नाही. ती हवी असेल तर जरा मोठा घ्यावा.

दुसरी गोष्ट बॅटरीची. खोक्यावर 'दहा तास' लिहिलेले असते, ते बहुधा बेताच्या आवाजाचे. मोठ्याने लावला की बॅटरी लवकर उतरते. जिथे वीज लांब, तिथे जास्त तास चालणारा बरा. आपल्या फोनच्याच चार्जरवर तो चार्ज होतो का, हेही विचारा.

तिसरी गोष्ट सिनेमाची. ब्लूटूथ म्हणजे बिनतारी जोडणी. ती साधारण तीस फुटांपर्यंत चालते. पण तिच्यात आवाज कधी कधी किंचित मागे राहतो. ओठ आधी हलतात, बोलणे मागून येते. गाण्याला याने काही बिघडत नाही, सिनेमाला बिघडते. यावर उपाय म्हणजे वायर. स्पीकरला आणि आपल्या फोनला वायरीची जागा आहे का, ते पाहून घ्या.

चौथी गोष्ट धूळ-पाण्याची. खोक्यावर 'आयपी ६७' असे काही लिहिलेले असते. त्यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी टिकतो. असा आकडा असला तर दव-फुफाट्याची काळजी कमी.

दुकानात जाताना आपला फोन बरोबर न्या. आपल्या ओळखीचे भजन लावा. आवाज पूर्ण वाढवा. शब्द फाटतात का ते ऐका. मग दहा पावले मागे सरून पुन्हा ऐका. मन भरले तरच पैसे द्या, आणि पक्के बिल घ्या. जनाचे ऐकावे खरे, पण स्पीकर आपल्याच कानांनी ऐकावा.

घरी आणल्यावर तो चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नका. आत लिथियमची बॅटरी असते. ती फार तापली तर फुगते, पेटही घेते. पाचटाची कोपी जळायला कितीसा वेळ लागतो?

आणि रात्री दहानंतर आवाज कोपीबाहेर जाऊ देऊ नका. शेजारच्या बाईला पहाटे अंधारात उठून फडात जायचे असते.