‘ब्राटवुर्स्ट’मधला ‘ब्राट’

‘ब्राटवुर्स्ट म्हणजे भाजलेले सॉसेज,’ असे मी जर्मनच्या वर्गात छातीठोकपणे सांगितले होते. ‘ब्राटेन’ म्हणजे भाजणे, ‘वुर्स्ट’ म्हणजे सॉसेज, शंका कसली? सरांनीही मान डोलावली. पुढे व्युत्पत्तिकोश उघडला आणि माझी फजिती झाली!

हा ‘ब्राट’ जुन्या जर्मनमधल्या ‘ब्रात’ शब्दाचा वंशज. त्याचा अर्थ निव्वळ मांस. आजही जर्मन खाटीक आतड्यात भरायच्या कच्च्या, बारीक केलेल्या मांसाला ‘ब्रेट’ म्हणतात. म्हणजे नाव पडले ते आतल्या सारणावरून! न्यूर्नबर्गकडे तर कच्चे ब्राटवुर्स्ट कांदा घातलेल्या व्हिनेगरच्या पाण्यात शिजवूनही खातात. तिथे भाजण्याचा संबंधच नाही. पण दोन्ही शब्द कानाला सारखे, आणि हा पदार्थ बहुधा निखाऱ्यावरच भाजला जातो. मग लोकांनी (आणि मी) तोच अर्थ धरला, यात नवल ते काय?

थुरिंगियातला याचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख १४०४ सालचा. आर्नश्टाट गावच्या जोगिणींच्या मठाच्या हिशेबात ‘ब्राटवुर्स्टच्या आतड्यांसाठी एक ग्रोशेन’ अशी नोंद आहे. खर्च आतड्यांचा, मांसाचा नव्हे. डुक्कर मठातलेच असावे, असा आपला माझा तर्क!