गाठ जावी, घाट राहावा

मागच्या लेखात स्तनातल्या गाठीच्या बायोप्सीचा अहवाल कसा वाचायचा ते पाहिलं. तो हाती आला की डॉक्टरांच्या आधी घरातली माणसंच निकाल लावून मोकळी होतात: ‘सगळंच काढून टाका, पुन्हा कटकट नको.’ परभणीजवळच्या पोखर्णीसारख्या गावात हे कुणी खोडून काढत नाही, कारण ते शहाणपणाचं वाटतं. जास्त कापलं की रोग मुळासकट गेला, असं सर्जनही कित्येक दशकं मानत होते. अमेरिकेतले सर्जन हॉल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायूही जात. हा समज मोडला मिलानमध्ये. उम्बेर्तो व्हेरोनेसी यांनी १९७३ पासून लहान गाठी असलेल्या ७०१ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाचा पूर्ण स्तन काढला, दुसऱ्या गटात गाठीसह स्तनाचा एक भाग काढून रेडिएशन दिलं. वीस वर्षांचा हिशेब २००२ मध्ये छापून आला. कॅन्सरनं दगावलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच, सुमारे चौथा हिस्सा. स्तन राखलेल्या ३० जणींना त्याच स्तनात पुन्हा कॅन्सर झाला. पूर्ण स्तन काढलेल्या गटात तो त्याच जागी ८ जणींना उलटला. हा फरक लपवण्यात अर्थ नाही, पण त्यानं आयुष्य कमी झालं नाही.

मग अडतं कुठे? गाठ मोठी असली किंवा स्तनाच्या खालच्या अंगाला असली, तर ती काढून नुसते टाके घातल्यावर खड्डा पडतो, बोंडी एकीकडे ओढली जाते आणि रेडिएशननंतर ती जागा आणखी आक्रसते. हे टाळायला सर्जन हात आखडता घेतो; कडेला कॅन्सरच्या पेशी राहण्याची भीती नेमकी तिथेच असते. गाठ काढतानाच स्तनाला पुन्हा घाट देणारी ऑन्कोप्लास्टिक शस्त्रक्रिया म्हणून मला नटण्यामुरडण्याचा भाग वाटत नाही. ती सर्जनला सढळ हातानं कापायची मोकळीक देते. पॅरिसच्या क्रिश्ना क्लो यांनी घालून दिलेला ढोबळ नियम असा: स्तनाचा पाचव्या हिश्शापर्यंतचा भाग काढायचा असेल तर शेजारचं मांस सरकवून भागतं, त्याहून जास्त, निम्म्यापर्यंत काढायचा असेल तर स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेचा आराखडा घ्यावा लागतो. भूल देण्याआधी बाईला उभं करून पेनानं रेघा आखतात, कारण आडवं झाल्यावर स्तन पसरतो आणि माप चुकतं. छेद बोंडीभोवती, तिथून सरळ खाली आणि मग स्तनाखालच्या वळीतून जातो. काढलेल्या गोळ्याला दिशा कळावी म्हणून दोरे बांधतात, त्याचा एक्स-रे काढतात. पुढे पॅथॉलॉजिस्ट त्याच्या कडांना शाई लावून तपासतो. शाईला कॅन्सरची पेशी टेकलेली नसली की कड साफ. दुसरा स्तन त्याच वेळी किंवा नंतर जुळवून घेतात. पुण्यात प्रशांती कॅन्सर केअर मिशनचे डॉ. सी. बी. कोप्पीकर हे काम करतात आणि इतर सर्जनना शिकवतातही.

‘पन्नाशीच्या, शेतात राबणाऱ्या बाईला हे कशाला?’ हा आक्षेप मला पटत नाही. कापूस वेचताना दिवसभर वाकणाऱ्या बाईचं एका बाजूचं वजन गेलं की ब्लाउज एकीकडे सरकतो, त्यात कापड कोंबून दिवस काढावा लागतो. आणि कुणी बघो न बघो, न्हाणीघरात तिचं तिला दिसतंच. दुसरा आक्षेप वजनदार आहे. या शस्त्रक्रियेचा भरवसा मुख्यतः रुग्णांच्या नोंदींवर आहे, व्हेरोनेसींसारख्या चाचणीवर नाही. शिवाय मांस एकदा इकडचं तिकडे झालं आणि कड साफ निघाली नाही, तर नेमकी जागा शोधणं अवघड, कधी पूर्ण स्तनच काढावा लागतो. म्हणूनच गाठीच्या जागी टायटेनियमच्या बारीक क्लिपा ठेवतात. रेडिएशन देणाऱ्यालाही त्यांचाच आधार.

खरी अडचण रेडिएशनची. अमेरिकेतल्या बर्नार्ड फिशर यांच्या चाचणीत गाठ काढून रेडिएशन न घेतलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के जणींना वीस वर्षांत त्याच स्तनात कॅन्सर उलटला. घेतलेल्यांत सुमारे १४ टक्के. म्हणजे स्तन राखायचा तर रेडिएशन सहसा टाळता येत नाही. पूर्वी त्यासाठी पाच-सहा आठवडे रोज यंत्राखाली जावं लागे. पोखर्णी नृसिंह स्थानकावरून परभणी, पुढे छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय किंवा बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय: हे ऐन सुगीत कुणाला परवडणार? पण १५ वेळांचा, तीन आठवड्यांचा क्रम आता रुळला आहे, आणि ब्रिटनमधल्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीनं २०२० मध्ये दाखवलं की निवडक रुग्णांना एका आठवड्यातले पाच डोसही पुरतात. गाठीच्या जागी जादा डोस लागला तर आणखी काही दिवस धरावे लागतात. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतात. घाट देण्याचं काम त्यात धरलंय का, हे भरती होण्याआधीच विचारावं. रेडिएशनसाठी तेवढे दिवस जमणारच नसतील, किंवा रोग स्तनात ठिकठिकाणी पसरलेला असेल, तर स्तन काढणंच बरं, आणि तसं स्पष्ट सांगणारा डॉक्टर चांगला.

काही जणींना आधी केमो देऊन गाठ लहान करतात. ती पार दिसेनाशी होण्याआधी तिच्यात क्लिप ठेवायची असते आणि नेमकं तेच अनेकदा राहून जातं. ते पुढच्या आठवड्यात.