एका रात्रीचा जगज्जेता

१९३६ साली लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर स्पीडवेच्या वैयक्तिक जागतिक अजिंक्यपदाची पहिली अंतिम लढत झाली. त्या रात्री ऑस्ट्रेलियाचा ब्लूई विल्किन्सन एकही शर्यत हरला नाही. पाचही शर्यती जिंकून त्याने पंधरापैकी पंधरा गुण मिळवले, आणि तिसरा आला! आधीच्या टप्प्यांतले बोनस गुण त्या रात्रीच्या गुणांत मिळवायचे, असा नियम होता. बेरजेत त्याचे २५ भरले, लायनेल व्हॅन प्राग आणि एरिक लँग्टन यांचे २६. मग त्या दोघांत निर्णायक शर्यत होऊन व्हॅन प्राग जगज्जेता ठरला. विल्किन्सनला हा मान मिळायला १९३८ उजाडावे लागले. जगज्जेता एका रात्रीत ठरवायचा की मोसमभराच्या हिशेबातून, हा वाद असा पहिल्याच दिवशी जन्माला आला.

खेळ वरवर साधा. मातीचा लंबगोल ट्रॅक, चार स्वार, चार फेरे, वळायचे ते फक्त डावीकडे. मिथेनॉलवर चालणाऱ्या ५०० सीसीच्या मोटारसायकलला गिअर एकच आणि ब्रेक मुळीच नाही. वळणावर मागचे चाक मुद्दाम घसरवूनच ती वळवायची. शर्यत जेमतेम मिनिटभराची. पहिल्या वळणावर पुढे निघालेल्याला गाठणे अवघड, कारण मागच्याच्या तोंडावर मातीचा मारा होत असतो. त्यामुळे सुरुवातीची जागा लाखमोलाची. असा खेळ एका रात्रीवर सोपवणे म्हणजे लॉटरीच, असा आक्षेप कुणीही घेईल. पण जुन्या अंतिम लढतीची आखणी पाहावी. सोळा स्वार, वीस शर्यती, प्रत्येकाला पाच. दर शर्यतीत तीन प्रतिस्पर्धी, म्हणजे पाच शर्यतींत पंधरा. प्रत्येकजण उरलेल्या प्रत्येकाशी नेमका एकदा भिडतो. सुरुवातीच्या चारही जागा प्रत्येकाच्या वाट्याला येतात. इतका चोख हिशेब फार थोड्या खेळांना साधला आहे.

निकालही लॉटरीसारखे नाहीत. १९५६ ते १९७९ या चोवीस वर्षांत स्वीडनच्या ओव्ह फुंडिनने पाच, न्यूझीलंडच्या बॅरी ब्रिग्जने चार आणि त्याच देशाच्या आयव्हन मॉगरने सहा विजेतेपदे मिळवली. चोवीसपैकी पंधरा तिघांतच! यावर हमखास पुढे केला जाणारा अपवाद म्हणजे येझी श्चाकेल. १९७३ साली पोलंडमधल्या खोझूफच्या स्टेडियमवर तो आणि मॉगर बरोबरीत राहिले, निर्णायक शर्यतीत मॉगर पडला आणि श्चाकेल जगज्जेता झाला. तो पुन्हा कधी झाला नाही. पण १९७१ साली याच श्चाकेलने आंजेय विग्लेंडाच्या साथीने जागतिक दुहेरीचे विजेतेपद पटकावले होते. त्याला निव्वळ नशीबवान म्हणणे अन्यायाचे होईल. मोसमभराच्या मालिकेत तो बहुधा जिंकला नसता, एवढेच म्हणता येते. पोलंडला पुढचा जगज्जेता, तोमाश गोलोब, मिळायला २०१० साल यावे लागले.

१९९५ साली एका रात्रीच्या लढतीऐवजी मोसमभराच्या फेऱ्यांच्या गुणांची बेरीज करणारी ग्रां प्री मालिका आली. तिच्या बाजूचा खरा मुद्दा नशिबाचा नसून यंत्राचा आहे: एक इंजिन बंद पडले की अख्ख्या वर्षाची मेहनत पाण्यात जावी, हे पटण्याजोगे नाही. तो आक्षेप मला मान्य आहे. मात्र मालिकेमुळे अधिक अस्सल विजेता सापडतो, हे मान्य नाही. टोनी रिकार्डसन १९९४ साली डेन्मार्कमधल्या वोयन्समध्ये एका रात्रीची अखेरची अंतिम लढत जिंकला आणि नंतर मालिकेतही पाच वेळा विजेता झाला. कसोटी बदलली तरी माणूस तोच. फरक पडतो तो काठावरच्या निकालात. २०२५ चा मोसम याच वोयन्समध्ये संपला. त्या रात्रीची शेवटची शर्यत ऑस्ट्रेलियाच्या ब्रेडी कुर्ट्झने जिंकली. लागोपाठ पाचवी फेरी त्याच्या नावावर झाली. पोलंडचा बार्तोश झ्मार्झलिक त्याच्या मागे दुसरा आला, आणि मोसमाच्या बेरजेत एका गुणाने पुढे राहून सहाव्यांदा जगज्जेता झाला.