गायगोधन, मंडई आणि धानाची कापणी

आश्विन सरत आला की मौदा तालुक्यातील बांध्यांचा रंग पालटू लागतो. कन्हान नदीच्या काठचा आणि पेंच प्रकल्पाच्या कालव्यांखालचा हा मुलूख धानाचा. हलके धान पिवळे होऊन कापणीस येते, भारी धानात अद्याप दाणा भरत असतो, आणि नेमकी याच वेळी दिवाळी दाराशी येते. हलक्या धानाच्या पैशावर सण साजरा करावयाचा व भारी धान घरात आल्यावर देणी वारावयाची, असा येथील प्रपंचाचा जुना हिशेब आहे.

शेतकऱ्याच्या सणांचा आरंभ खरे तर श्रावणी अमावास्येच्या पोळ्याने होतो. त्या दिवशी दारोदारी पळसाच्या फांद्यांचे मेढे ठेवतात, दुसऱ्या दिवशी ते मारबतीबरोबर गावाबाहेर टाकतात, आणि मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा भरवितात. पोळा बैलाचा, गाईचा सण त्यानंतर दोन महिन्यांनी, बलिप्रतिपदेस येतो. तोच गायगोधन. शहरातील पाडव्याला वहीपूजन होते, येथे गोठ्याचे पूजन होते.

सकाळी गाई धुऊन, शिंगे रंगवून, गळ्यात माळा घालून त्यांना गोडधोड खाऊ घालतात. शेणाचा गोवर्धन मांडून त्याची पूजा होते. मग गावाबाहेरच्या आखरावर सारी जनावरे एकत्र येतात. वर्षभर गुरे राखणारा गायकी त्या दिवशीचा मानकरी. हा व्यवसाय परंपरेने गोवारी समाजाचा. उंच ढाली नाचवीत, वाद्यांच्या तालावर गोवारी बांधव घरोघर जातात आणि घरधनी त्यांना धान्य, वस्त्र वा पैसे देतात. वर्षभराच्या राखणीचा तो सन्मान होय.

अलीकडे मात्र आखर रिकामे होऊ लागले आहे. नांगरणी ट्रॅक्टरने होते, कापणी हार्वेस्टरने होते, चराईची जागा आक्रसली आहे, आणि गायकीचे काम करण्यास तरुण पुढे येत नाहीत. त्यांना दोष देता येणार नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातील देशी गाईबैलांची संख्या २०१२ च्या तुलनेत सुमारे ६ टक्क्यांनी घटलेली आढळली. जनावर गेले की शेणखत जाते, आणि खाणारे तोंड उरले नाही की तणसाची किंमतही जाते. मग ते बांधीतच पेटवून दिले जाते. ज्या तणसावर गावचे गोधन उन्हाळा काढीत असे, त्याची राख होताना पाहून जुन्या शेतकऱ्यास वाईट वाटते ते उगीच नव्हे.

तणस निकस असते हे खरे, परंतु त्यावर उपाय आहे. १०० किलो कोरड्या तणसासाठी ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावा. तणसाचे थर देऊन प्रत्येक थरावर हे पाणी झारीने सारखे शिंपडावे, पायाने दाबावे आणि वरून प्लास्टिकच्या कागदाने हवाबंद झाकावे. २१ दिवसांनी ढीग एका बाजूने उघडावा. लागेल तेवढे तणस काढून, वास जाईपर्यंत हवेवर पसरून मगच जनावरास द्यावे. प्रथम थोडे थोडे देऊन सवय लावावी. सहा महिन्यांखालील वासरांना हे तणस देऊ नये, आणि युरियाचे पाणी तर कोणत्याही जनावराच्या तोंडी लागू देऊ नये. ते विषच आहे. या प्रक्रियेने तणसातील प्रथिनांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते.

ग्रामसेवक बंधूंनी आखरावर अवश्य हजर राहावे. गावचे सारे पशुधन एका जागी पाहावयास मिळेल असा दुसरा दिवस वर्षात क्वचितच येतो. २०२२ साली महाराष्ट्रात लम्पी चर्मरोग पसरला, तेव्हा जनावरे एकत्र आणण्यावर निर्बंध घालावे लागले होते. म्हणून लसीकरण सणाच्या तीन-चार आठवडे आधीच उरकून घ्यावे, आणि अंगावर गाठी किंवा तोंडातून लाळ असलेले जनावर आखरावर न आणता त्याची पूजा गोठ्यातच करावी. पूजेत त्याने काही उणे पडत नाही.

भाऊबीजेपासून मंडया भरू लागतात. आज या गावची, उद्या त्या गावची, असा क्रम ठरलेला असतो, कारण शेजारच्या गावांनी यावे हाच त्यातला हेतू. ढाली येतात, शिंगाडे, ऊस, पानविडे यांची दुकाने लागतात, लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, सोयरिकीच्या गोष्टीही निघतात. रात्री दंडार किंवा खडी गंमत उभी राहते. हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवावयाचे असेल तर ते मंडईच्या दुपारी दाखवावे. कचेरीत बोलावलेल्या सभेला दहा माणसे जमत नाहीत, येथे पाच गावे आपण होऊन आलेली असतात.

मंडयांच्या तारखा शेतकऱ्यानेही कापणीआधी विचारून ठेवाव्यात. ज्या गावची मंडई, तेथील मजूर त्या दिवशी मिळत नाही, आणि पाहुणे असेपर्यंत दुसऱ्या दिवशीही मिळेल असे नाही. कापलेल्या धानाचा कडपा बांधीत पसरलेला असताना अवकाळी पाऊस आला, तर दाणा काळा पडतो, प्रसंगी त्याला कोंबही फुटतात. तेव्हा मंडईच्या तोंडावर कापणी काढू नये. काढलीच असेल तर कडपा वाळताच भारे बांधून उंच जागी पुंजणे रचावे व वर ताडपत्री ओढावी. मग दंडार पहाटेपर्यंत चालली तरी खुशाल बसावे.