पकडीची नजर

५ सप्टेंबर २०२४ला पॅरिसमध्ये भारताच्या कपिल परमारने ब्राझीलच्या एलिएल्तोन द ओलिवेराला १०-० असे हरवले आणि पॅरालिम्पिक ज्युदोमधले भारताचे पहिले पदक, कांस्य, खिशात घातले. लढत मिनिटभरही चालली नाही. कपिल मध्य प्रदेशातल्या सिहोरचा. लहानपणी शेतातल्या पंपाला हात लागून त्याला विजेचा जबर धक्का बसला आणि पुढे दृष्टी हळूहळू गेली. पॅरिसमध्ये तो जे-१ गटात, म्हणजे जवळजवळ काहीच न दिसणाऱ्यांमध्ये खेळला.

दृष्टिहीनांच्या ज्युदोचे नियम डोळस ज्युदोहून फारसे वेगळे नाहीत. एक फरक मात्र मोठा आहे. पंच दोघांना मॅटच्या मध्यभागी आणतात, दोघे एकमेकांचा ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, धरतात, एक हात बाहीवर, दुसरा गळपट्टीवर, आणि मगच ‘हाजिमे’ची, म्हणजे लढत सुरू करण्याची, आज्ञा होते. दोघे सुटून लांब गेले की ‘माते’ म्हणून लढत थांबते आणि पुन्हा पकडीपासून सुरुवात होते. डोळस ज्युदोत लढतीचा बराच वेळ ही पकड मिळवण्याच्या झटापटीत जातो. इथे ती आधीच मिळालेली असते, त्यामुळे पहिल्या क्षणापासून डाव पडू शकतो.

पण नजरेशिवाय डाव टाकायचा कधी, हे कळते कसे?

जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत ज्युदोचा पाया घातला. त्यांच्या पद्धतीत फेकीचे तीन टप्पे आहेत: कुझुशी म्हणजे समोरच्याचा तोल मोडणे, त्सुकुरी म्हणजे आपले अंग डावात नेमके बसवणे, आणि काके म्हणजे प्रत्यक्ष फेक. यातला पहिला टप्पा मुख्यतः हातांनी कळतो. प्रतिस्पर्ध्याने पाऊल उचलले की त्याचे वजन दुसऱ्या पायावर जाते, खांदा किंचित फिरतो आणि मुठीतल्या कापडाचा ताण बदलतो. स्नायूंमधले सूक्ष्म संवेदक हा ताण टिपतात, कंडरांमधले संवेदक जोर मोजतात. शरीराच्या या अंतर्गत जाणिवेचे शास्त्रीय नामकरण चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली केले. स्पर्शाला दिलेली प्रतिक्रिया डोळ्यांनी पाहून दिलेल्या प्रतिक्रियेपेक्षा किंचित लवकरही होते.

म्हणूनच प्रशिक्षक ‘हात सैल ठेव’ असे पुन्हा पुन्हा बजावतात. ताठ हाताला फक्त स्वतःचाच जोर कळतो. कोल्हापूरच्या तालमीतल्या पैलवानाला हे सांगावे लागत नाही. त्याच्या हाती तर धरायला ज्युदोगीसारखे कापडही नसते, अंगाला अंग भिडवूनच त्याला समोरच्याचा तोल जोखावा लागतो.

पडण्याचेही शिक्षण असते. उकेमीत, म्हणजे पडण्याच्या तंत्रात, हनुवटी छातीला टेकवायची आणि नेमक्या क्षणी हाताने मॅटवर थाप मारायची. मॅट किती जवळ आली हे दिसत नसताना तो क्षण अंतर्कर्णातल्या अर्धवर्तुळाकार नलिका आणि असंख्य वेळा पडण्याचा अनुभव, या दोन्हींच्या भरवशावर पकडावा लागतो. निसर्गाने अंधांना भरपाई म्हणून स्पर्शाची जादू दिली, असे म्हणणे या मेहनतीवर अन्याय करणारे आहे. हा सराव आहे, रोजचा आणि अंग ठेचून काढणारा.

पॅरालिम्पिकमध्ये पुरुषांचा ज्युदो १९८८च्या सोलपासून आहे, महिलांचा २००४च्या अथेन्सपासून. इतकी वर्षे अजिबात न दिसणारे आणि अंधुक दिसणारे एकाच वजनगटात एकमेकांशी लढत. पकड सारखी असली, तरी समोरच्याचा खांदा पुसटसा दिसणाऱ्याला फायदा मिळायचाच. पॅरिसमध्ये जे-१ आणि अंधुक दिसणाऱ्यांचा जे-२ या दोन्ही गटांना प्रथमच वेगवेगळी पदके ठेवली गेली. कपिलचे कांस्य यातल्या जे-१ गटाच्या ६० किलो वजनातले, आणि त्याच स्पर्धेत ४८ किलोच्या जे-२ गटात भारताची कोकिलाही मॅटवर उतरली होती.