महाविद्यालयाची निवड : तयारी निकालाआधीच



डॉ. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय व १९५० साली औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय सुरू केले, ते आपल्यासाठी उच्च शिक्षणाचे दार उघडावे म्हणून. आज महाविद्यालये पुष्कळ आहेत. तरीही हुशार मुलांच्या हातची जागा जाते. आमच्याच वस्तीतील एका मुलीला अभियांत्रिकीची चांगली जागा मिळाली होती. परंतु जात पडताळणी प्रमाणपत्र मुदतीत आले नाही आणि राखीव जागा गेली. गुण कमी नव्हते, उशीर झाला होता.

म्हणून पहिली गोष्ट कागदपत्रांची. व्यावसायिक अभ्यासक्रमाकडे जाणाऱ्याने अकरावीतच आपल्या कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे अर्ज करावा. वडील-आजोबांचे शाळा सोडल्याचे दाखले व १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा शोधण्यास वेळ लागतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्राच्या पातळीवरही मिळाल्या, मात्र आय.आय.टी.सारख्या केंद्रीय संस्थांसाठी केंद्र शासनाच्या नमुन्यातील जातीचा दाखला वेगळा काढावा लागतो.

दुसरी गोष्ट वेळेची. सी.ई.टी., नीट, जे.ई.ई. यांचे अर्ज बारावीच्या निकालापूर्वीच भरले जातात. निकालाची वाट पाहणाऱ्याचे वर्ष वाया जाते. तारखा दरवर्षी बदलतात, त्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहाव्यात. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

तिसरी गोष्ट निवडीची. केवळ नाव किंवा इमारत पाहून भुलू नये. महाविद्यालयास मान्यता आहे का, ते कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे, मागील वर्षी आपल्या प्रवर्गाची जागा किती गुणांवर थांबली, हे पाहावे. तेथे शिकणाऱ्या मुलांना भेटून तास नियमित होतात का, हे विचारावे. वसतिगृह आणि जाण्यायेण्याचा खर्चही मांडावा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असल्यास भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज करता येतो. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे.

पसंतीक्रम भरताना जे महाविद्यालय खरोखर हवे तेच पहिले लिहावे. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की तीच घ्यावी लागते. त्याखाली मिळण्याजोगी काही नावे व शेवटी खात्रीची दोन-तीन नावे असावीत. एकाच नावावर भिस्त ठेवू नये.

आपल्या घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नसेल, तर विचारण्यात कमीपणा मानू नये. जे शिकून पुढे गेले, त्यांनी दरवर्षी निदान एका विद्यार्थ्याचा अर्ज शेजारी बसून भरून द्यावा. बाबासाहेबांच्या ऋणातून अंशतः उतराई होण्याचा हा साधा मार्ग आहे.

जय भीम!